लाल गाडीची हवा आणि पुसेलेत्सोचे कान

मी, मोलेफी त्सोटेत्सी, राहणार काटलेहाँग, धंदा इंजिनं उघडण्याचा, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसांची हमी डॉक्टरही देत नाहीत, म्हणून घाई. माझ्यामागे लाल गाडीवरून बायको पुसेलेत्सो आणि मुलगी दिमाकात्सो यांच्यात तंटा होऊ नये, एवढाच या कागदाचा हेतू.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पुसेलेत्सोची. त्यावर कोणी तोंड उघडू नये. मयतीचा खर्च भिशीतून होईल. मयतीच्या जेवणाला कापायची गाय मरतुकडी आणू नका.

२. कानशी, ग्राइंडर, वेल्डिंगचं सामान दिमाकात्सोला. बाई, इंजिनात जाणारी हवेची वाट नुसती रुंद केली म्हणून ताकद वाढत नाही. फार रुंद झाली की हवा रेंगाळते. सांधे जुळव, आतले उंचवटे काढ आणि हात आवर.

३. मित्र बेकी मासेको याला माझा पॉलिशचा डबा, न उघडलेला. या गृहस्थाने जन्मभर हवेच्या वाटा आरशासारख्या घासल्या. "बेक्या, आत तोंड बघणार आहेस का?" मी विचारी. "तुझ्या गाडीपेक्षा बरंच दिसतं," तो म्हणे. गुळगुळीत भिंतीवरून पेट्रोल ओघळून वाया जातं, हे त्याने कधीच मानलं नाही. तरी माणूस सोन्यासारखा आहे.

४. मेव्हणा तेबोहो याने गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे. त्याला माझे बूट द्यावेत. गिऱ्हाइकाकडे चालत जाऊन नाही म्हणून सांगता येईल.

५. लाल गाडी. आमच्याकडे गाडीवेडा माणूस गेला की त्याच्या दारात गाडी गरगर फिरवून निरोप देतात. माझ्या वेळी ती दिमाकात्सोने फिरवावी, ही आम्हा बापलेकीची इच्छा. पुसेलेत्सो म्हणते, "नवऱ्याला पुरायचं त्याच दिवशी पोरीचाही जीव टांगणीला? त्यापेक्षा गाडी भंगारात जाईल!" ती त्या गाडीत कधी बसली नाही. पण मी हवेची नळी बदलली की स्वयंपाकघरातून ओरडायची, "दिमाच्या बाबा, धाप लागलीये तिला!" आणि दर वेळी नळी कुठेतरी चिमटलेली निघे. माझ्या हातांची चूक तिच्या कानांनी सुधारली. फार जीव आहे माझा तिच्यावर. म्हणून गाडी पुसेलेत्सोला. फिरवायची की भंगारात घालायची, तीच ठरवील.

एवढं लिहून होतंय तोच ती चहा घेऊन आली आणि साक्षीदाराची सही करते म्हणाली. साक्षीला बसलेले शेजारचे मास्तर म्हणाले, "वहिनी, ज्याला काही मिळतं त्याला साक्ष देता येत नाही."

"मला काय मिळतंय?"

"घर तर आहेच. शिवाय गाडी," मी म्हटलं.

ती खुर्चीत बसलीच. "मला चालवता कुठे येते?"

"दिमा चालवेल. तू शेजारी बस."

"शेजारी-बिजारी नाही. तुमच्यासाठी मीच फिरवीन. पण मी शिकेपर्यंत मरायचं नाही, सांगून ठेवते."

६. ही अट मला मंजूर आहे. दिमाकात्सोने आईला जमेल तितकं सावकाश शिकवावं.

सही: मोलेफी त्सोटेत्सी
साक्षीदार: खोत्सो मोलोई (मास्तर); नोमथांडाझो झुंगू (शेजारीण)
काटलेहाँग, १४ जुलै २०१९