डाव्या पारड्याचा रंग

प्रिय तपासनीसबाई,

या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेलं असं : तुझा पाळणा, कागदपत्रांचं चौदा खणांचं कपाट, ग्राहकांच्या तक्रारींचे तीनशे सतरा अर्ज (एकातही खाडाखोड नाही) आणि तो तराजू. दांडी लोखंडी, अठरा इंच. पारडी पत्र्याची, ठोकून ठोकून मीच गोल केलेली.

तू रागावलीयेस, म्हणून आधी जुनं काही सांगतो. पहिली तक्रार आपल्याच पंख्याची होती. दुकानदार म्हणाला, मला कायदा शिकवतोस काय? मी म्हटलं, अजून मीच शिकलो नाही, सोमवारी येतो. चार दिवस वाचनालयात बसलो आणि सोमवारी पंखा बदलून घेऊन आलो. पुढे ग्राहक न्यायालयात समोरचे वकील हसून विचारायचे, आपली सनद कुठाय? मी म्हणायचो, सनद नाही साहेब, पावती आहे. हे तुला इतकं आवडायचं की शाळेत बाईंनी गृहपाठ मागितला तरी तू तेच उत्तर दिलंस आणि मला शाळेत बोलावणं आलं.

वजनाच्या तक्रारी आल्या की तू स्टुलावर चढून बसायचीस. आधी रिकामा तराजू दाखवा, मगच माल टाका, असा तुझा हुकूम. वर पारडी बदलून पुन्हा मोजायला लावायचीस. मी चिडायचो, पण करायचो. तू नोकरीसाठी गेलीस आणि ते सुटलं. मीच केलेला तराजू मला काय फसवणार, असं वाटायचं.

बाळांच्या दूध पावडरीची तक्रार तुला माहीत आहे. बारा डबे फोडून मोजले, प्रत्येकात चार ग्रॅम कमी. वर्तमानपत्रात आलं, तू अभिमानानं फोन केलास. सुनावणीच्या आदल्या सोमवारी कंपनीचा माणूस घरी आला. गोड बोलणारा, चहा दोनदा घेतला. वजन खरं की खोटं यात आम्हाला पडायचं नाही, बातमी थांबली पाहिजे, त्याचे पैसे देतो, म्हणाला. मी त्याला दार दाखवलं.

मंगळवारी सकाळी, दुसऱ्या दिवशी न्यायालयात न्यायचा म्हणून तराजू पुसून टेबलावर टांगला. तुझी आई पोहे निवडत असावी तशी सहज म्हणाली, अहो, हे डावं पारडं खाली का? मी म्हटलं, टेबल तिरकं आहे. ती म्हणाली, टेबल पण तुम्हीच केलंय ना? गंज चढू नये म्हणून मी त्या डाव्या, वजनांच्या पारड्याला रंगाचे दोन हात दिले होते. खरवडून मोजला. चार ग्रॅम.

दुपारी त्या माणसाचा पुन्हा फोन आला. विचार बदललाय का? तक्रार तर मी मागे घेणारच होतो. नुसतं हो म्हटलं असतं, तर तेच काम झालं असतं आणि पैसेही आले असते. कुणाला कळलं नसतं. मी फोन ठेवला. बुधवारी न्यायालयात लेखी दिलं की तराजू माझा, चूक माझी, तक्रार मागे. पेपरवाल्यानं त्यातले शेवटचे दोनच शब्द छापले. आता चौकात जुने लोक नजर चुकवतात.

आणि तू फोनवर विचारलंस, बाबा, किती घेतले? मी फोन ठेवला. त्याचं कारण लिहायला मला नऊ दिवस लागले. तुझ्यापुढे चोर ठरणं मला सोपं वाटलं, तराजू चुकला हे सांगणं नाही. तू स्टुलावर बसून जे रोज सांगायचीस, तेच मी केलं नव्हतं.

तर प्रश्नाचं उत्तर, या वेळी पारडी बदलून, दोनदा तपासून. घेतलं काही नाही. तक्रार मागे घेऊन गप्प बसण्याचे देत होते, दोनदा देत होते, ते बत्तीस लाख.

तुझाच,
बाबा