कासारणीची बोटं

७ सप्टेंबर १९९८
लघवी लालभडक! जीवच गेला माझा. नर्स म्हणाली, औषधाचा रंग आहे. मग आधी सांगायला काय झालं होतं?
लाल औषध वेगळं, आणि ते पाण्यासारखं दिसतं ते व्हिन्क्रिस्टीन वेगळं. दोन्ही शिरेतून. काखेत लिम्फोमाची, म्हणजे कॅन्सरचीच, गाठ आहे म्हणे. नाव त्यांनी दिलं, शोधली मी! आंघोळीत बोटाला लागली. ह्यांना दाखवली तर ह्यांना सापडेना. कुठून सापडणार? औरंगपुऱ्याच्या दुकानात जन्मभर बायकांचे हात दाबून बांगड्या मी चढवल्यात, ह्यांनी नाही.

२१ सप्टेंबर
उशीवर केस. भाकरीत केस. ह्यांनी तो गुपचूप काढून ठेवला, त्याचाच राग आला.
जबडा ठणकतो. संडासला होत नाही.

२ ऑक्टोबर
डोकं पार बोडकं. पदर घट्ट घेऊन दुकानात बसले. चितेगावची एक बाई लेकीचा चुडा भरायला आली. पोरीचा हात हातात घेतला आणि पदर सरकला. बाईनं हात ओढून घेतला — "असल्या डोक्याच्या बाईकडून नको भरू, पोरी."
माझं कुंकू दिसलं नाही तिला! मग जाऊबाईनं, सरूनं, भरला. मी काचेची कपाटं पुसत बसले. लई रडू आलं.
डिसेंबरात आमच्या द्वारकाचं लग्न. तिचा चुडा मीच भरणार. आमच्यात आईच भरते.

१९ ऑक्टोबर
दिवाळी. उटणं लावताना गाठ चाचपली. हरभऱ्याएवढी उरलीय.

१० नोव्हेंबर
बोटांना मुंग्या. हातातून कप पडला. दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी वाढली; फुटली म्हणत नाहीत आमच्यात.
डॉक्टर म्हणाले, व्हिन्क्रिस्टीन नसांना बाधतं. ते कमी करू, पण बाकीचे डोस पुरे करा.

२२ नोव्हेंबर
गाठ नाही! तीनदा चाचपली. काहीच लागत नाही!

३० नोव्हेंबर
सलाईनची तारीख. गेले नाही. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. गाठ लागत नाही म्हणजे आजार गेला असं नसतं, तपासणीला तरी आणा, म्हणाले. हे विनवत बसले. मी म्हटलं, ज्या बोटांनी गाठ शोधली, त्यांना ती गेलेली कळत नाही का?
केस नेले, चव नेली. बोटं नेऊ देणार नाही. लग्नापर्यंत मोकळी व्हायलाच हवीत.

१४ डिसेंबर
चुडा भरला. भरला कसला!
द्वारकाचा हात उशीवर घेतला. अंगठ्याजवळचं हाड दाबलं — दाबलं की नाही, तेच समजेना. पहिली चढली. दुसरी वाढली. तिसरी वाढली आणि काच तिच्या मनगटात घुसली. पोर ओठ दाबून म्हणाली, "भर गं आई, दुखत नाय." आणि मी भरत राहिले! डोळ्यांसमोर रक्त, तरी भरत राहिले. शेवटी सरूनं माझे हात बाजूला केले आणि उरलेला चुडा तिनं भरला.
सोयगावहून आलेल्या विहीणबाईंनी एवढंच विचारलं — "दुसरी कासारीण नव्हती का?"

३ जानेवारी १९९९
औषध बंद करून महिना झाला, आणि बोटं आणखीच मेलीत! पेन दोन हातांनी धरलंय. लोटा धरवत नाही, म्हणून सरू आंघोळ घालते.
सकाळी काख चाचपली. काही नाही. तेवढं एक सुख.

९ जानेवारी
अंग चोळता चोळता सरूचा हात काखेत थांबला. "अक्का, ही परत कधी आली?" मी चाचपलं. कुठंय, म्हटलं. तिनं माझं बोट धरून गाठीवर टेकवलं.
मला काहीच लागलं नाही.