ओढ्याकाठची सोपी वाट

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, मी स्वतः आता निवृत्त झाले, तरी पवनेच्या पुलावरून जाताना कंपन्यांच्या घाण पाण्याचा तो वास नाकात शिरला की राग तसाच्या तसा वर येतो. म्हणून आज लिहायला बसले.

रविवारी सकाळी तुम्ही मला कासारवाडीच्या आपल्या खोलीवरून ओढ्याकाठाने नदीपर्यंत फिरायला न्यायचात. चढ नाही, काटेकुटे नाहीत, दहा वर्षांच्या पोरीला सहज झेपेल अशी वाट. घरात मोजकं बोलणारे तुम्ही तिथे मात्र भरभरून बोलायचात. हा करंज, याच्या बियांचं तेल काढतात. ही टिटवी, उघड्या जमिनीवर अंडी घालते, पाय जपून टाक. खंड्या दिसला की तुम्ही माझा खांदा हलकेच दाबायचात, आणि तो पाण्यात सूर मारेपर्यंत आपण दोघं श्वास रोखून उभे राहायचो. इतक्या मायेने शिकवलंत, म्हणून तर जास्त चीड येते.

त्या रविवारी ओढा पिवळा झाला होता. मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. मी चांगली मोठी झाले होते तरी तुम्ही मला उचलून पलीकडे नेलंत. ज्याच्या विहिरीवर आपण दर वेळी पाणी प्यायचो तो शेतकरी मेलेल्या म्हशीपाशी उभा होता.

"तुमी कंपनीत हाय न्हवं?" त्याने विचारलं. "वढ्यात काय सोडत्यात ओ?"

"आम्हाला काय माहीत," तुम्ही म्हणालात. "आम्ही आपलं काम करतो."

मला माहीत होतं. दोनच दिवसांपूर्वी जेवताना तुम्ही आईला सांगत होतात, कंपनीच्या घाण पाण्याची टाकी भरली की साहेब सांगतात आणि ओढ्याकडचा व्हॉल्व्ह मीच उघडतो. परतताना मी विचारलं, "अण्णा, खोटं का बोललात?" "मोठ्यांच्या मधे तोंड घालायचं नाही," एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या रविवारी तुम्ही फिरायला निघालाच नाहीत. मी एकटी गेले आणि त्या शेतकऱ्याला टाकीचं सगळं सांगितलं. तुमचं नाव तेवढं घेतलं नाही.

दोन दिवसांत गावकरी कंपनीच्या गेटवर आले. ओढ्याचं काय करायचं हे कंपनीत कुणी बोललं नाही. बातमी बाहेर कुणी दिली, याचीच चौकशी सुरू झाली. तुमच्या शिफ्टमधले परभणीचे काका, आपल्याकडे हक्काने जेवायला यायचे ते, पाणी सोडण्यावरून साहेबांशी आधीच भांडले होते. साहेबांनी तुम्हाला आत बोलावून विचारलं. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "मी म्हटलं, त्याचं तोंड जरा सैल आहे. एवढंच म्हटलं."

एवढंच! आठवड्यात काकांना काढलं. गावी परत जाण्याआधी ते निरोप घ्यायला आले, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलंत. आईने चहा केला. ते तो उभ्यानेच प्यायले, माझ्या डोक्यावर हात ठेवून "नीट शिक गं" म्हणाले आणि गेले. तुमची नोकरी गेली असती तर आपण उघड्यावर पडलो असतो, हे मला कळतं. कळून राग कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा घेऊन पहिल्या शिफ्टला गेलात, आणि व्हॉल्व्ह उघडतच राहिलात. आपण पुन्हा त्या वाटेने कधी फिरायला गेलो नाही.

शेवटच्या आजारपणात तुम्ही एकदा आपणहून काकांचा विषय काढलात. "त्यानेच सांगितलं असणार, नाही का गं?" मी तुमच्या उशीला खोळ घालत होते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात.

"असेल," मी म्हटलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, त्यामुळे इथे लिहायला सोपं जातंय. काकांचा पत्ता आईच्या वहीत होता, अण्णा. तो मी कधीच उतरवून घेतला नाही.