सीनेकाठचं मांडीचं हाड

१२ जानेवारी, रविवार
शाळेसाठी दगडांचे नमुने गोळा करायला सीना नदीच्या काठी गेलो. तिथे हरिबा नावाचे म्हातारे धनगर भेटले. खांद्यावरच्या घोंगड्यात दीड फुटाचं, दगड झालेलं हाड. दोन पावसाळ्यांपूर्वी काठ ढासळला तेव्हा सापडलं म्हणाले. तेव्हापासून भेटेल त्याला विचारतात. मलाही विचारलं, "सर, ह्यो कुनाचा पाय हाय?"
मी म्हणालो, पाय नाही, दगड आहे. मुलांना दाखवायला नेऊ का?
"न्या की. पर कळलं तर सांगा."

१३ जानेवारी
खोटं बोललो नाही. शास्त्रानुसार जीवाश्म दगडच असतो.
हे डायनासोरचं हाड आहे. सध्या कुणाला सांगायचं नाही.

१५ जानेवारी
वाचन जोरात. सरडा पाय फाकवून चालतो. डायनासोरचे पाय मात्र खांबासारखे सरळ अंगाखाली. म्हणून मांडीच्या हाडाचा गोळा आत वळलेला. आमच्या हाडाचाही वळलेला आहे! (गाय-बैलांचाही असतो, पण इथे तो विचार करण्याचं कारण नाही.) शिवाय मधोमध एक उंचवटा. डायनासोरच्या शेपटीचा स्नायू तिथेच जोडलेला असे. पुरावा पूर्ण.

१९ जानेवारी, रविवार
कोंबडी आणली. पक्षी हे डायनासोरचेच वंशज. तंगडी खाऊन, हाड धुऊन शेजारी ठेवून पाहिलं. साम्य थक्क करणारं. फक्त कोंबडीचं हाड पोकळ आणि पातळ, आमचं भरीव. वयाचा फरक असावा.
अपेक्षाने विचारलं, तंगडी माझ्या पावडरच्या डब्यात का? बायकोला संशोधन समजावणं अवघड.

२२ जानेवारी
पायाच्या हाडाच्या आत झाडासारखी वर्तुळं असतात. त्यावरून वय कळतं, भराभर वाढला की सावकाश तेही कळतं. त्यासाठी हाड कापावं लागतं. हे तज्ज्ञाचं काम. आधी पुण्याच्या जीवाश्मतज्ज्ञ मॅडमना ईमेल करायचा. घाई करायची नाही.

२३ जानेवारी
कापलं.
बाथरूमच्या फरशीसाठी गुरुराज आलाय, त्याच्याकडे कटर होता. योग जुळून आला. तो म्हणाला, "सर, हे हाडूक दिसतंय. मोडंल, नको." मी म्हणालो, जबाबदारी माझी. उंचवट्याच्या बरोबर मधून. एक कपची उडाली, तिचा भुगा झाला. वर्तुळं अकरा. परत मोजली, चार. त्यातली दोन कटरची असू शकतात.
जेवण गेलं नाही. हवा खराब आहे.

२४ जानेवारी
रविवारी हरिबांना जाऊन खरं सांगायचं. पक्कं.

२६ जानेवारी
झेंडावंदन. जाणं शक्यच नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार
निघालो होतो. दोन शिंका आल्या. म्हाताऱ्या माणसाला सर्दी द्यायची का?

५ फेब्रुवारी
मॅडमना फोटो पाठवले. दहा मिनिटांत फोन. डायनासोर नाही. सोलापूरच्या खाली लाव्हाचा खडक, वर नदीचा गाळ, आणि गाळ डायनासोरांच्या फार नंतरचा. हाड जंगली बैलासारख्या मोठ्या जनावराचं, हजारो वर्षांपूर्वीचं. तरीही मोलाचं. मग विचारलं, कुठल्या थरात सापडलं? आणि कापलं कुणी?
पहिल्या प्रश्नाचं उत्तर फक्त हरिबांना माहीत. दुसऱ्याच्या वेळी रेंज गेली, असं मी म्हणालो.

९ फेब्रुवारी, रविवार
मॅडम आल्या. त्यांना घेऊन हरिबांकडे गेलो. पिशवीतून दोन तुकडे काढले. हरिबांनी ते हातात घेऊन जुळवून पाहिले.
मग मॅडमना म्हणाले, "दगुड न्हाय त्ये मला ठावं हुतं. मांडी हाय. मेंढरं राकतो, मांडी कळती की. आन् हितं टेंगूळ हुतं बगा. मोडून जुळल्यालं. लंगडत का हुईना, लई दिस जगलं आसंल बिचारं."
म्हणजे माझा शेपटीच्या स्नायूचा उंचवटा. मॅडमनी भिंग लावून पाहिलं. म्हणाल्या, आजोबा बरोबर सांगतायत. मोडून भरलेलं हाड क्वचित मिळतं. भरलेला भाग सगळा असता तर ते जनावर नंतर किती वर्षं जगलं तेही कदाचित कळलं असतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.
हरिबांनी पाहिलं. "मग सर, मला दगुड का म्हनला?"
मी जीवाश्माची व्याख्या सांगितली. दहा मिनिटं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.
मग त्यांनी काठावरची जागा दाखवली. मॅडमनी फॉर्म भरला. शोधणारे: हरिबा. 'नुकसान कसे झाले' हा रकाना मला भरायला दिला. मी लिहिलं, 'फरशी कामगाराच्या हातून.' कटर त्याच्याच हातात होता. शब्दशः खरं आहे.
हरिबांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, काय लिवलं? मी म्हणालो, माझं नाव.
"बरं केलं," म्हणाले, आणि शेळीचं दूध तापवून दिलं. सगळं प्यायलो.

१० फेब्रुवारी, सकाळी ८
फॉर्म दुरुस्त करायचा. मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला. नेमका गुरुराज बाथरूममधून डोकावून म्हणाला, "सर, बसून बोलता का? खाली ओलं हाय." त्याने स्टूल पुसून दिलं.
मॅडमना विचारलं, पुण्यात थंडी कशी आहे. बरी आहे म्हणाल्या.