डॅरेलची वही

मंगळवार, मुक्काम नोव्हाय

मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: डॅरेलची परीक्षा तुरुंगाच्या कचेरीने बुडवली.

बावन्नाव्या वर्षी हा कैदी माझ्याकडे अपूर्णांकांपासून गणित शिकला. शाळेच्या दाखल्याची परीक्षा येत्या गुरुवारी आहे. आज बाकावर त्याची वही होती, तो नव्हता.

"मॅडम, तुमच्या हिऱ्याला सकाळीच दुसऱ्या तुरुंगात हलवलं," पहारेकरी हसत म्हणाला.

"शिकणाऱ्याला परीक्षेआधी हलवत नाहीत!"

"याचं शिकून झालंय. तुमचाच फॉर्म सांगतो."

वहीसुद्धा नेऊ दिली नाही. कोणत्या नियमाने? शेवटच्या पानावर त्याने परीक्षेची तारीख दोनदा अधोरेखित केली आहे.

कचेरीने मला विचारले नाही, हे खरेच. परंतु फॉर्मवर 'अभ्यासक्रम पूर्ण' ही खूण निकालानंतर करायची असते. त्याचा अभिमान वाटून मी ती गेल्याच आठवड्यात केली. ही चूक माझी.

— वसुधा