पोळ्याला रस्ता मोकळा असतो

६ जून १९६५, रविवार

गाडी आली. १९३० सालची फोर्ड. अंजनगावच्या खुशालरावांच्या गोठ्यात अकरा वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. त्यांचं लंबकाचं घड्याळ नागपूरच्या दोघा घड्याळजींनी मेलं म्हणून परत केलं होतं, ते मी चालतं केलं. त्याच्या बदल्यात ही. इंजिन फिरतं (हाताने). टायर चार, पैकी हवा धरणारे दोन. अंडी तीन निघाली. ती रमाने ठेवून घेतली.

हिची हॉट रॉड करायची. रद्दीतल्या अमेरिकन मासिकात पान ३१ वर सचित्र दिलं आहे. जुनी मोटार घ्यायची, छप्पर, मडगार्ड, जे जे अनावश्यक ते काढायचं, इंजिनाचा जोर वाढवायचा. इंग्रजी मला शाळेने शिकवलं नाही, पण आकृती वाचता येते. घड्याळ काय, मोटार काय, शेवटी चाकंच.

कारण एकदा लिहून ठेवतो. सहा वर्षांपूर्वी अकोल्याला माझा मेव्हणा, बापूसाहेब वकील, चार अशिलांसमोर म्हणाला, "आमचे जावई जगाची घड्याळं चालवतात, पण येतात मात्र रिक्षाने." मी त्याच पायरीवर सांगितलं की आता या दारात येईन तर स्वतःच्या मोटारीत बसून. तेव्हापासून आम्ही गेलो नाही. रमाही माहेरी गेली नाही. 'आम्ही' म्हटलं की दोघं आलेच.

१३ जून, रविवार

मंडळ स्थापन. मी, जिनिंगमधला फिटर देवमन, आणि एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर नत्थुजी. नत्थुजींनी गाडीला एक चक्कर मारली, पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "भाऊ, हे चालवाची हाय का पुजाची?" दुर्लक्ष केलं.

नियम: प्रत्येक नटाला नंबर. एकूण २१४. देवमनने सगळे एकाच डालड्याच्या डब्यात टाकले. नियम पुढच्या रविवारपासून.

४ जुलै, रविवार

अकोल्याहून पत्र. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याने दिसणं बंदच. रमाने पत्र दोनदा वाचलं. मग एवढंच विचारलं, पिठोरीपर्यंत गाडी होईल का. पिठोरी म्हणजे पोळ्याचाच दिवस. त्या संध्याकाळी सासूबाई खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून मागे न बघता विचारतात, अतीत कोण? मागे उभ्या मुलांनी 'मी' म्हणून ते घ्यायचं. सहा वर्षं रमाची जागा रिकामी आहे.

पोळ्याच्या वीस दिवस आधीच तयार होईल म्हणालो. लिहून घे म्हटलं. तिने लिहिलं नाही.

१८ जुलै, रविवार

वजन कमी करणं सुरू. छप्पर ३१ किलो. मडगार्ड चार मिळून २२. दारं काढली, आत उडी मारून बसता येतं. (रमासाठी स्टूल.)

आजचा माझा स्वतःचा शोध मासिकातही नाही. मागचा एक्सल विनाकारण जाड आहे. लेथवर एक अष्टमांश इंच उतरवून घेतला. देवमन दिवसभर तोंड पाडून होता. त्याला समजावलं, घड्याळातला दांडा केसाएवढा असतो, तरी चाळीस वर्षं फिरतो. तो म्हणाला, "भाऊ, घड्याळात चार मानसं बसत नाहीत."

हाताखालच्या माणसांत उत्साह टिकवणं अवघड आहे.

८ ऑगस्ट, रविवार

पोळ्याला अठराच दिवस. वीस दिवसांचा हिशोब जरासा हुकला. दोष पावसाचा.

मात्र इंजिन सुरू झालं. सायलेन्सर काढला असल्यामुळे शेजारच्या जोशी मास्तरांची शिकवणी सुटली. गाडीला लाल रंगही दिला. पोळ्यासाठी बैलांच्या शिंगांना लावतात तोच, देवमनच्या मामाकडे डबाभर शिल्लक होता. बोटाला अजून लागतो. वाळेल.

२२ ऑगस्ट, रविवार

नत्थुजींचं म्हणणं, पोळ्याआधी जाऊन या, नाहीतर बाईंना एस.टी.ने पाठवा. दोन्ही नामंजूर. पोळ्याचाच दिवस का, हे त्यांना सांगितलं. अकोला रस्त्यावर वेगाचा एकमेव शत्रू म्हणजे बैलबंडी. पोळ्याला वऱ्हाडात कोणी बैल जुंपत नाही. साठ मैल रस्ता रिकामा! चाळीस वर्षं मोटारी चालताहेत, हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही कळत नाही.

नत्थुजींनी नवं पान लावायला घेतलं. पटलं असावं.

२५ ऑगस्ट, बुधवार

सगळं तयार. नट शिल्लक अकरा. जास्तीचेच असणार. बडनेऱ्यापर्यंत तरी चालवून पाहा म्हणून देवमन मागे लागला. नाही म्हटलं. नवीन गाडी उगाच झिजवायची नसते. रमाने पिशवी भरली. ती नत्थुजींना हळूच एस.टी.च्या वेळा विचारत होती. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२६ ऑगस्ट, गुरुवार. पोळा.

सकाळी ६.०७. अमरावतीहून निघालो. (सात मिनिटं नत्थुजींच्या पानाची.) मी चालवतो आहे. शेजारी रमा, मागे दोघं.

७.५२. मूर्तिजापूर. रेडिएटरला तीनदा पाणी. रस्त्यावर एकही बंडी नाही. मी म्हणालोच होतो.

८.३८. बोरगाव एक मैल. कडाड आवाज. इंजिन जोरात, चाकं गप्प. मागचा एक्सल. देवमनने खाली वाकून पाहिलं आणि दोन बोटांत एक अष्टमांश इंच धरून दाखवला. हे त्याने मुद्दाम केलं.

९.१५. एका सरदारजींनी ट्रक थांबवून दोर बांधून अकोल्याला नेतो म्हटलं. नको म्हटलं. दुसऱ्याच्या गाडीमागे त्या दारात जाणं रिक्षापेक्षा वाईट. देवमनला गावात बैलजोडी बघायला पाठवलं.

१०.१०. देवमन परत. गावात साठ जोड्या आहेत. सगळ्यांना आंघोळ घालणं चालू आहे. आज खांद्यावर जू नाही. हा मुद्दा योजनेत धरायचा राहिला.

१०.४०. एस.टी. आली. रमा दोन तास बाभळीखाली बसून होती. उठली, पिशवी घेतली. म्हणाली, "मी जाते. आई विचारेल, अन् मागं कोणी नसेल." तिला सोडायला म्हणून नत्थुजीही चढले. मी रेडिएटरचं झाकण घट्ट करत होतो. ते घट्टच होतं.

दुपारी देवमन चाक नुसतं फिरेल एवढं अडकवून, तुटका एक्सल घेऊन उलट्या बसने अमरावतीला गेला. नवा करून आणतो म्हणाला. मूळ मापाचा.

सायंकाळी ५.३०. गावातल्या लोकांनी गाडी ढकलत वेशीपर्यंत आणली. बैल सजून तोरणाखाली उभे. गाडी मधोमध, त्याच लाल रंगात. मैनाबाई नावाच्या म्हातारीने बैलांना ओवाळलं, तशीच पुढे आली आणि बॉनेटला कुंकू लावलं. मी म्हटलं, आजी, ही मोटार आहे. ती म्हणाली, "असू दे बापा. आज हिलेबी सुट्टी."

२७ ऑगस्ट, शुक्रवार

आज कर. पोळ्याचा दुसरा दिवस. आजही कोणी बैल जुंपत नाही. देवमनचा पत्ता नाही. कंडक्टरच्या हाती बापूसाहेबांचा निरोप आला. बोरगावला त्यांचं शेत आहे, उद्या सकाळी तिथली जोडी पाठवतो. सोबत पुरणपोळ्या. निरोपात टोमणा शोधला, सापडला नाही. वकील आहे, समोरासमोर बोलेल. तीन उत्तरं तयार केली. तिसरं सगळ्यात चांगलं आहे.

बैल म्हणजे गाडी नव्हे. त्यामुळे माझ्या शब्दाला बाध येत नाही.

२८ ऑगस्ट, शनिवार

सकाळी ७.२० ला निघालो. बापूसाहेबांचा सालदार मोतीराम पुढे, मी स्टेअरिंगवर. तो म्हणाला, "भाऊजी, तुमी फक्त चाक धरा. हाकतो मी." दहा मैल, पाच तास.

दारात आलो. मोटारीत बसून. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन पायऱ्या उतरल्या. घुंगरांच्या आवाजाच्या रोखाने गेल्या आणि आधी बैलांच्या पायांवर पाणी घातलं. बापूसाहेब आला, म्हणाला, उन्हातून आलात, हातपाय धुवा. मी वाट पाहिली. तो मोतीरामला बैल सोडायला सांगू लागला. शेवटी मीच सहा वर्षांपूर्वीच्या वाक्याची आठवण दिली. त्याने चष्मा काढून पुसला. "मी म्हणालो असं? काही आठवत नाही बुवा." खरं बोलत होता. तिन्ही उत्तरं वाया.

सासूबाईंनी माझ्या वाटची पुरी झाकून ठेवली होती. शिळी का होईना, रीत म्हणून ताटली डोक्यावर धरली आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "अतीत कोण?"

रमा बाजूला उभी होती. तिने मला मागे जायची खूण केली. मी म्हटलं, "मी."

"मी कोण? आवाज ओळखू येत नाही. सहा वर्षं झाली."

नाव सांगितलं. मग त्यांनी ताटली मागे दिली.

२९ ऑगस्ट, रविवार

रमा दिवाळीपर्यंत राहणार आहे. मला विचारलं नाही, कळवलं. देवमनचा एक्सल येईपर्यंत गाडी त्यांच्या गोठ्यात, बैल तूर्त बाहेर. एका कोंबडीला मागची सीट पसंत पडलेली दिसते.

मी एस.टी.ने परत. अमरावती स्टँडवर ४.१५ ला उतरलो. पाय दुखत होते.

घरी रिक्षाने आलो.