शेवटच्या घंटेचा मान

सिस्टर यादविगा यांना सविनय प्रणाम.

आपण माझ्यावर महदन्याय केला आहे. तुम्ही लावलेल्या सवयीमुळे मधल्या सुट्टीत कढईतून निघालेला गरम बाउरसाक तोंडाशी नेला की मुलं आपल्या मास्तरावरच ओरडतात, "आगाय, आधी प्रार्थना!" ओरडणाऱ्यांत निम्मी कझाक मुसलमान. प्रार्थना होईतो बाउरसाक गार.

काल वर्षअखेरची घंटा झाली. पहिलीतल्या मुलीला खांद्यावर घेऊन ती घंटा वाजवत फिरायचा मान, तुमच्या नियमाप्रमाणे, पहिल्या नंबराला नव्हे, सर्वांत झटणाऱ्याला. मी दहावीतल्या, छे, अकरावीतल्या दाउलेतचं नाव पुकारलं.

"आगाय, चिडवता का? गणितात मला पाचांपैकी तीनच आहेत."

"गेल्या वर्षी दोन होते. वाक खाली."

वरून चिमुरडी मिलाना दरडावत होती, "हळू रे घोड्या, माझी फीत सुटेल!" घोडा रडत रडत हसत होता. आकड्याआधी मूल बघायला मला तुम्ही शिकवलंत, सिस्टर. पुण्याच्या पाठशाळेत ते राहूनच गेलं होतं.

नंतर मुलांनी विचारलं, "सिस्टर सप्टेंबरात येतील ना?" मी पंडिती थाटात "अवश्यमेव" म्हणालो. पण तुमचं दुखणं बरं होण्यातलं नाही, हा पोलंडच्या इस्पितळातला निरोप फादरांनी मला सांगितला आहे; तुम्हाला तो कळला आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही परत येणार नाही, याची मला भीती वाटते.

तुमचा सर्वांत थोराड विद्यार्थी,
नीलकंठ